सम्राट प्लॅन, तीन वर्षांसाठी

साहेबांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दुकानातून घेतली नव्हती. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांची उभी हयात गेली आणि तिथे त्यांचं नावच 'कोटेशनसाहेब' पडलं. बोल्ट असो की बॉयलर, दहा ठिकाणचे भाव आल्याशिवाय साहेबांची सही होत नसे. विकायला आलेली माणसं बाहेरच्या बाकावर ताटकळत बसत, साहेब आत तक्ते आखत, आणि शेवटी सगळ्यांत स्वस्त पडेल ते घेत. ते बोल्ट पुढे सैल व्हायचे, ही गोष्ट वेगळी. सैल बोल्ट हा देखभाल विभागाचा प्रश्न होता, खरेदीचा नव्हता.

निवृत्तीनंतर हे सगळं कौशल्य घरी आलं. घर दोन माणसांचं, त्यात खरेदी ती किती असणार! साबण, बल्ब, चहापत्ती. साहेबांनी महिन्याभरात सगळा बाजार पालथा घातला. साबण असा स्वस्त आणला की त्याला फेस यायचं नाव नाही. बल्ब असे आणले की लागले आहेत की नाहीत हे बघायला टॉर्च लागावा. एवढं करून दिवस शिल्लक उरायचाच. मग ते खुर्ची उचलायचे आणि बायकोच्या खोलीत जाऊन बसायचे.

बायको कपड्यांचे पॅटर्न काढायची. शिवायची नाही, शिवणाऱ्यांसाठी कागदावर आकार काढून द्यायची. तेही अशा लोकांसाठी, ज्यांच्याकडे तयार कपड्यांच्या दुकानात कुणी ढुंकून बघत नाही. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा सगळा दिवस चाकाच्या खुर्चीत जाणारा. अशा माणसांनी आपली मापं तिच्या साइटवर भरायची, पैसे भरायचे, की साइट आकडेमोड करून त्या शरीराला बसेल असा पॅटर्न काढून द्यायची. तो घरी छापायचा, चिकटवायचा आणि कापड कापायला घ्यायचं. ही आकडेमोड बायकोनं वर्षानुवर्षं टेप गळ्यात घालून बसवली होती, आणि ती साइटमध्ये उतरवली होती तिच्या बहिणीच्या मुलीनं. ही भाची कॉम्प्युटरच्याच कामात होती आणि तिच्या जिभेला धार होती.

साहेब या सगळ्याला बरीच वर्षं 'तिचा छंद' म्हणत. मग एकदा बायकोचं बँकेचं पासबुक त्यांच्या नजरेला पडलं आणि त्या दिवसापासून ते त्याला 'आपला व्यवसाय' म्हणायला लागले.

व्यवसाय वाढला तशी साइट रखडायला लागली. माणूस मापं भरून बसायचा आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं. कंटाळून लोक परत जायचे. एका सकाळी भाची कापायच्या टेबलाशी बसून मावशीला समजावत होती.

"मावशी, तुझी साइट ज्या कॉम्प्युटरवर आहे ना, तिथे अजून शेकडो साइट आहेत. समज, एकाच टेबलावर शंभर जणी कापायला बसल्यात. एकीनं लांब कापड पसरलं की तुझी कात्री अडली. आता व्हीपीएस घ्यायचा. म्हणजे टेबल तेच मोठं, पण त्याचा एक तुकडा रेघ मारून फक्त तुझा. तुझ्या रेघेच्या आत कुणी हात घालायचा नाही."

"महाग असतं का गं ते?"

"सगळ्यांत लहान घे. तुला पुरून उरेल. महिन्याला एक सदरा शिवायला पडतात तेवढेसुद्धा नाहीत."

"मग घेऊन टाक की."

'घेऊन टाक' हे शब्द त्या घरात फार दिवसांनी उच्चारले गेले असावेत. साहेब दारात हजर झाले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि चेहऱ्यावर आग विझवायला आलेल्या माणसाचे भाव होते.

"थांबा," ते म्हणाले. "असं कुणी काही घेऊन टाकत नसतं. हे माझ्यावर सोडा."

बायकोनं भाचीकडे बघितलं. भाचीनं छताकडे बघितलं.

पुढचे पंधरा दिवस साहेबांचा मुक्काम जेवणाच्या टेबलावर होता. भिंतीवर त्यांनी मोठा तक्ता लावला. कंपन्या उभ्या, आडवे कोअर, रॅम, डिस्क आणि दर. कोअर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ते विचारायची त्यांना गरजही वाटली नाही. खरेदीतल्या माणसाला वस्तू कळू लागली की तो तिच्या प्रेमात पडतो आणि भाव पाडायचं विसरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांना पंपही कधी कळला नव्हता.

एका कंपनीच्या पानाच्या कोपऱ्यात एक गोल चेहरा हसत होता आणि 'मी तुमची काय मदत करू?' असं विचारत होता. साहेबांना वाटलं, विक्रेता समोर बसलाय. त्यांनी बाह्या सरसावल्या.

'तुमची शेवटची किंमत सांगा,' त्यांनी लिहिलं.

'तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' गोल चेहऱ्यानं उत्तर दिलं.

'ते झालं. भाव बोला.'

'आमचे सगळे प्लॅन बघण्यासाठी इथे क्लिक करा.'

'दुसरी कंपनी याहून कमी घेते.'

'तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.'

हे पाऊण दिवस चाललं. साहेब चहा प्यायला उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चमक होती. "काय घट्ट माणूस आहे!" ते बायकोला म्हणाले. "नोकरीत असा एक भेटला नाही. जराही वाकत नाही, आणि तोंडात साखर." ते परत येऊन बसले तोवर पडद्यावर लाल चौकट उघडली होती. फक्त तुमच्यासाठी, तीन वर्षांचे पैसे एकदम भरा, बहात्तर टक्के सूट, आणि खाली धावतं घड्याळ. साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. वाकवला की नाही शेवटी!

ती चौकट त्या पानावर येणाऱ्या प्रत्येकासमोर उघडत होती आणि घड्याळ संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. हे भाचीनं त्यांना नंतर दाखवलंसुद्धा. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. विजय मिळाल्यावर लढाई झालीच नव्हती असं कोण कबूल करील?

खरी करामत मात्र त्यांनी प्लॅन निवडताना केली. कंपनीचे प्लॅन चार होते आणि सगळ्यांत लहानाला कुणी फारसं विचारू नये म्हणूनच बहुतेक त्याचं नाव 'रोपटं' ठेवलं होतं. सगळ्यांत मोठ्याचं नाव 'सम्राट'. साहेबांनी प्रत्येकाच्या किमतीला त्यातल्या गिगाबाइटांनी भागलं, आणि काय सांगावं, सम्राटचा दर सगळ्यांत कमी निघाला! बायकोला लागणार होतं रोपटं. पण रोपट्यात गिगाबाइटचा दर चढा, आणि चढ्या दराचा माल साहेबांनी आजवर घेतला नव्हता.

त्यांनी सम्राट घेतला. तीन वर्षांसाठी, एकरकमी. पैसे अर्थात बायकोच्या खात्यातून गेले. त्यात तिचं नवीन शिलाई मशीन आलं असतं, टेबलासकट.

"काका," भाची म्हणाली, "तहान पेलाभर आणि तुम्ही टँकर आणलात."

"लिटरमागे दर बघ, दर!"

"बरं, देखभालीची सेवा घेतलीत ना? म्हणजे सर्व्हर कंपनीनं सांभाळायचा."

"ती खोडली. हे लोक माल स्वस्त विकतात आणि देखभालीत मान कापतात."

"आणि बॅकअप?"

"तो कशाला?"

"सगळं गेलं तर परत मिळवायला."

"सगळं जाईल कशाला? चांगला माल घेतलाय ना आपण?"

"आणि तीन वर्षांनंतर भाव चौपट होतो, हे खाली करड्या अक्षरात लिहिलंय ते वाचलंत?"

"तीन वर्षांनी पुन्हा कोटेशनं मागवू," साहेब शांतपणे म्हणाले. "बहात्तर टक्के वाचवले आहेत मी तुझ्या मावशीचे. त्याचं कुणी नाव काढत नाही."

बायकोनं नाव काढलं नाही. तिनं दिव्याखाली कागद सरकवला आणि रेघ मारायला घेतली.

साइट सम्राटवर गेली आणि पळायला लागली. ती रोपट्यावरही तेवढीच पळाली असती, पण ते राहू दे. भाचीनं साहेबांना एक पान उघडून दिलं. त्यावर सर्व्हरचा किती भाग वापरात आहे ते दाखवणारी हिरवी रेघ होती. म्हटलं, गंमत म्हणून बघत जा. ही तिची चूक झाली. रेघ तळाशी झोपली होती. तीन टक्के.

सत्त्याण्णव टक्के माल पडून! कारखान्यात नुसता पडून राहिलेला माल म्हणजे महापाप. त्याच्यावरून त्यांनी गोदामातल्या माणसाला सर्वांसमोर फैलावर घेतलं होतं. आता त्यांच्याच घरात, त्यांच्याच सहीनं आलेला माल रोज वाया जात होता. रिकामी जागा रिकामी असली म्हणून काही बिघडत नाही, उलट गर्दीच्या दिवशी तीच कामाला येते, हे भाचीनं सांगून बघितलं. साहेबांच्या डोक्यात ते शिरेना. पैसे दिलेत ना? मग वसूल व्हायलाच हवेत.

त्यांनी भाडेकरू शोधायला सुरुवात केली. भाडं नको होतं, नुसती जागा भरायची होती.

पहिला आला मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा गडी नोकरीवरून आला की माशांच्या टाकीसमोर बसायचा, आणि जगानंही बसावं अशी त्याची इच्छा होती. त्यानं टाकीवर कॅमेरा लावला आणि चोवीस तास मासे सम्राटवर पोहायला लागले. दुसरा आला कारखान्याचा जुना अकाउंटंट. यानं नोकरीत साहेबांची बिलं तीस वर्षं अडवून धरली होती. निवृत्तीनंतर त्याला कविता व्हायला लागल्या होत्या आणि तो त्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचा. साहेबांनी त्याला लगेच जागा दिली नाही. रीतसर अर्ज करायला लावला, अर्जात त्रुटी काढली, आठवडाभर ठेवला, आणि मग 'मंजूर' असं उत्तर पाठवलं. त्या दिवशी साहेब आरशासमोर शीळ घालत होते.

आता हसू येतंच, आणि हसायलाच हवं. पण एक गोष्ट खरी होती. निवृत्तीनंतर साहेबांच्या दारी कुणी ताटकळत बसलं नव्हतं. सकाळी दाढी कशासाठी करायची हेच त्यांना कळेनासं झालं होतं. आता ते नऊच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसत, हिरवी रेघ बघत, फोन घेत. "जागा आहे का साहेब?" असं कुणी विचारलं की थोडं थांबून "बघावं लागेल" म्हणत. ते 'बघावं लागेल' म्हणताना त्यांना जे वाटायचं ते बहात्तर टक्क्यांत बसणारं नव्हतं.

वर्ष सरत आलं. बायको तिच्या खोलीत एका कोटावर काम करत होती. पाठीला बाक असलेल्या माणसाचा थंडीचा कोट. तो असा बसायला हवा की मागून वर चढणार नाही, पुढून लोंबणार नाही आणि गळ्यापर्यंतची बटणं लागतील. असा कोट कुठे मिळत नव्हता. तिनं गिऱ्हाइकांना पाठवायच्या पत्रकातून कळवल्यावर कितीतरी लोकांनी आधीपासून विचारणा करून ठेवली होती. एका बाईनं लिहिलं होतं की दर हिवाळ्यात ती शालीवर काढते, आणि आपला कोट असा तिच्या अंगाला कधी लागलाच नाही. बायकोनं ते साहेबांना वाचून दाखवलं तेव्हा साहेबांना भरून आलं. "सम्राट आहे ना आपला," ते म्हणाले. "कितीही येऊ दे लोक."

कोटाचा पॅटर्न एका रविवारी सकाळी दहा वाजता विक्रीला खुला व्हायचा होता. त्याच्या महिनाभर आधी भाची आली आणि तिनं रेघ बघितली. रेघ आता तळाशी नव्हती, मध्यापर्यंत चढली होती.

"काका, तो माशांचा कॅमेरा काढा. गर्दी झाली तर मावशीची साइट बसेल."

"अजून निम्मा रिकामा आहे."

"निम्मा हवाच असतो काका."

"तुझ्या मामाचे मासे आहेत. त्याला काय सांगू?"

भाचीनं वाद घातला नाही. हे तिच्या स्वभावात नव्हतं, पण साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. ती मावशीच्या खोलीत गेली आणि दार लावून दोघी बराच वेळ आत होत्या. त्या आठवड्यात रेघ जरा खाली बसली. साहेबांनी लगेच कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्याची साइट आणून ती जागा भरून काढली. रोज सकाळी ते बायकोची साइट एकदा उघडून बघायचे आणि ती चटकन उघडली की खोलीच्या दिशेनं ओरडायचे, "बघितलंस? याला म्हणतात सर्व्हर!"

"हो, छान उघडते हं," आतून आवाज यायचा.

रविवार उजाडला. बायको नऊलाच खोलीत गेली. साहेब नेहमीच्या जागी, पण आज कोट घालून. दहाला पाच कमी असताना त्यांनी रेघ बघितली. रेघ उभी चढत होती. साठ, सत्तर, ऐंशी. दहा अजून वाजले नव्हते, मग हे कोण घुसलं?

घुसले होते मासे. म्हणजे मासे आपल्या टाकीतच होते, पण त्यांतल्या एका दुर्मीळ जोडीनं नेमकी त्या सकाळी अंडी घालायला घेतली होती. कुणी तरी त्याचा दुवा कुठे तरी पाठवला, तो पुढे कुणी पाठवला, आणि कुठकुठले हजारो लोक रविवारचा चहा पीत माशांचं बाळंतपण बघायला सम्राटवर लोटले होते. दहा वाजले आणि रेघ लाल झाली. शंभर.

बायकोची साइट उघडून बघावी असं साहेबांच्या मनात आलं. पण आपण उघडली तर एक गिऱ्हाईक बाहेर राहील, असा विचार करून त्यांनी हात मागे घेतला. एवढ्या घाईतही त्यांचा काटकसरीचा स्वभाव जागा होता. खोलीत जाऊन विचारायची तर छातीच होईना. वर्षभराचं काम तिचं. सर्व्हर आपला. शालीवर हिवाळे काढणारी ती बाई आत्ता मापं भरून बसली असेल आणि तिच्यासमोर चाक फिरत असेल. साहेबांच्या कपाळावर घाम फुटला.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"कॅमेरा बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"भाऊजी, अहो अंडी घालतायत! नऊ हजार लोक बघतायत! माझ्या जन्मात..."

"तुझ्या ताईचा कोट अडकलाय तिकडे!"

"पाच मिनिटं द्या. मादी अजून..."

साहेबांनी मादीची वाट बघितली नाही. रेघेखाली भाडेकरूंची यादी होती, तिच्यातलं मेहुण्याच्या नावापुढचं बंद करायचं बटण दाबलं. मासे गेले. रेघ थोडी उतरली, पण लोक परत परत धडका मारत होते आणि ती पुन्हा चढली. मग साहेबांनी मागेपुढे बघितलं नाही. दातांचा डॉक्टर गेला. सकाळी सोबत फिरायला येणाऱ्या मंडळींनी मधल्या काळात ठेवलेले फोटो गेले. शेवटी राहिला अकाउंटंट. साहेबांचं बोट बटणावर क्षणभर थांबलं, कारण कालच त्यानं फोन करून सांगितलं होतं की त्याची कविता पहिल्यांदाच परक्या कुणीतरी ऐकली. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

दोन मिनिटांत अकाउंटंटचा फोन.

"अर्ज करून घेतली होती मी जागा!"

"अडचण होती. घरचं काम आहे."

"नोकरीत तुझी बिलं अडवायचो तेव्हा मला वाईट वाटायचं," अकाउंटंट म्हणाला. "उगीच वाटायचं." आणि त्यानं फोन ठेवला.

साहेबांचा चेहरा पडला, पण नजर रेघेवर होती. रेघ उतरायला लागली. पन्नास, तीस, दहा. त्यांनी निःश्वास सोडला. आता सम्राट एकट्या बायकोचा. जेवढे येतील तेवढे येऊ देत. रेघ आणखी उतरली. पाच. दोन. शून्य.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. शून्य कसं असेल? सगळ्यांना काढलं, एकट्या तिची साइट राहिली, आज तिच्याकडे वर्षातली सगळ्यांत मोठी गर्दी, आणि कुणीच नाही? म्हणजे साइट मेली. घाईघाईत आपण तिचंच बटण दाबलं असणार. आणि बॅकअप आपणच खोडला.

ते उठले. दार ढकलून ते आत गेले. बायको चष्मा लावून पडद्याशी बसली होती.

"अगं, साइट गेली," ते म्हणाले. "माझी चूक झाली. सगळी माझीच. मी त्यांना जागा दिली, मी बॅकअप नको म्हटलं. तुझं वर्ष फुकट घालवलं मी." चूक झाली हे शब्द त्यांनी नोकरीत कधी उच्चारले नव्हते, आणि घरीही नाहीत.

बायकोनं चष्म्यावरून बघितलं. "गेली कुठे? चांगली चाललीय की. बसा, बसा आधी. घामानं भिजलात." तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. नवीन मागण्या एकीखाली एक येत होत्या. "त्या शालवाल्या बाईंनी सगळ्यांच्या आधी घेतला. दहाच्या ठोक्याला."

"पण सर्व्हरवर तर शून्य आहे!"

"सर्व्हरवर नाहीच आहे ती."

"मग कुठे आहे?"

"लहानवाल्यावर. दुसऱ्या कंपनीच्या. महिना झाला हलवून. भाचीनं देखभाल, बॅकअप सगळं धरून घेतला. तुमच्या यादीत नाव दिसतं ती नुसती जुनी प्रत."

साहेबांच्या तोंडून पहिला शब्द आला तो त्यांच्या रक्तातून आला. "केवढ्याला?"

"विचारलं नाही मी."

साहेब खुर्चीत बसले. महिनाभर ज्या साइटसाठी आपण खोलीकडे बघून ओरडत होतो, ती भलत्याच्याच सर्व्हरवर उघडत होती, हे हळूहळू त्यांच्या डोक्यात उतरलं. कान तापले. "मला सांगायचं नाही? मी भांडून, पत्रं लिहून, उरलेले पैसे परत काढले असते कंपनीकडून. सम्राट बंद केला असता!"

"म्हणूनच नाही सांगितलं," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ती नेहमी माप सांगते तशा आवाजात बोलत होती. "तुम्ही निवृत्त झालात आणि रोज इथे खुर्ची टाकून बसायला लागलात. मी रेघ मारली की तुम्ही कागदाचा भाव विचारायचात. मी विचार करत असले की तुम्ही बोलायचात. मला एक बाही धड काढता येईना. शेवटी मी बाहेर खोली भाड्यानं घ्यायला निघाले होते. दोन बघूनही आले. मग तुमचा सम्राट आला, आणि तुम्ही उठून बाहेरच्या टेबलावर गेलात. दिवसच्या दिवस. हा अख्खा कोट मी त्या वेळात काढलाय. मी हिशेब केलाय हो. खोलीच्या भाड्यापेक्षा सम्राट पुष्कळ स्वस्त पडला."

आयुष्यभरात त्यांच्या खरेदीचं इतकं चोख समर्थन कुणी केलं नव्हतं.

"मघाशी फोनवर कुणावर ओरडत होतात?" बायकोनं विचारलं.

"सगळ्यांना काढलं मी. तुझ्या भावाला, डॉक्टरला, अकाउंटंटला. तुझी साइट वाचवायला."

बायकोचा हात थांबला. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. "सगळ्यांना? एकही नाही ठेवला?"

"नाही."

"मग आता उद्यापासून तुम्ही काय करणार?"

साहेबांनी टेबलावरच्या कागदांकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, आणि मग ज्या खुर्चीत आपण बसलोय त्या खुर्चीकडे बघितलं. बायकोही त्या खुर्चीकडेच बघत होती.

"आधी माझ्या भावाला फोन लावा," ती म्हणाली. "तो लवकर विरघळतो. मग बाकीचे. त्या अकाउंटंटची माफी मागा, नीट मागा. आणि जाताना दार ओढून घ्या."

साहेब उठले. बाहेर आले, दार ओढून घेतलं. टेबलाशी बसून त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला. साहेबांनी कोटाचं वरचं बटण काढलं. शेवटी मेहुण्यानं फोन उचलला.

"मी बोलतोय," साहेब म्हणाले. "ऐक ना. जागा आहे. हवी तेवढी आहे. पैसे नकोत, अर्ज नको, काहीच नको. फक्त ये."